शुभवर्तमान आणि वर्तमानपत्र : विनोदी नाताळगीतांच्या निमित्ताने

मराठी समीक्षेत विडंबनाची चर्चा निघाली की तिच्यापुढे प्रायः एकच नमुना उभा राहतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ‘केशवकुमारां’नी ‘झेंडूची फुले’ वाहिली ती रविकिरण मंडळातील आणि त्याच्या आसपासच्या कवींच्या लकबींना. त्यामुळे एका कवीने दुसऱ्या कवीच्या शैलीची केलेली थट्टा म्हणजे विडंबन, ही व्याख्या येथे जवळजवळ गृहीत धरली गेली. या नमुन्यात विडंबनकार ज्या संहितेचा आधार घेतो तीच त्याचे लक्ष्यही असते. या व्याख्येत न बसणारी रचना मग ‘पोरकट’, ‘प्रासंगिक’ किंवा ‘अभिरुचिहीन’ असा एखादा शेरा मारून बाजूला सारली जाते. इंग्रजीभाषक जगातील विनोदी नाताळगीते हे अशा बाजूला सारलेल्या सामग्रीचे ठळक उदाहरण होय. डिसेंबर महिन्यात, त्या त्या दिवसाच्या बातम्यांचा गदारोळ चालू असताना, सर्वांना पाठ असलेल्या पवित्र गीताच्या चालीवर राजा, मंत्री, जाहिरातदार वा शाळामास्तर यांच्याविषयी काहीतरी हास्यास्पद गायचे, ही तिकडची जुनी रीत आहे. धर्मनिष्ठांनी तिच्याकडे पाखंड म्हणून पाहिले, सुधारकांनी पलायन म्हणून पाहिले, आणि साहित्याभ्यासकांनी बहुधा पाहिलेच नाही. वस्तुतः ही रीत विडंबनाच्या सिद्धांतालाच एक अडचणीचा प्रश्न विचारते. मूळ संहितेला घायाळ करण्याची ज्याला इच्छा नाही, आणि तरीही मूळ संहितेवाचून ज्याचे क्षणभर चालत नाही, असे विडंबन नेमके करते तरी काय?

या प्रश्नाच्या उत्तराचा धागा मराठीतल्याच एका शब्दात दडलेला आहे. मराठी बायबलात ख्रिस्तचरित्राच्या चारही ग्रंथांना ‘शुभवर्तमान’ असे नाव आहे. वसईकडील कॅथलिक समाज ‘सुवार्ता’ हा शब्द वापरतो, आणि त्या नावाचे मासिकही तेथून निघत आले आहे. ‘वर्तमान’ म्हणजे चालू काळ आणि ‘वर्तमान’ म्हणजे बातमी, असे दोन्ही अर्थ या शब्दात एकवटतात. ‘वर्तमानपत्र’ या शब्दातले ‘वर्तमान’ही तेच. इंग्रजीत ‘गॉस्पेल’ या शब्दातला ‘चांगली बातमी’ हा अर्थ झिजून व्युत्पत्तिकोशापुरता उरला. मराठीत धर्मग्रंथ आणि दैनिक यांचे नाते शब्दाच्या पृष्ठभागावरच वाचता येते. लूकच्या शुभवर्तमानातील जन्मकथेची रचना पाहिली तर हे नाते केवळ शाब्दिक नाही हेही कळून येते. जन्म गोठ्यात होतो आणि त्याची वार्ता दूर रानात, रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळांना, एका दूताकडून मिळते. वार्ता कोणती, कोठली आणि खूण काय, हे तिघेही तपशील दूत सांगतो. मेंढपाळ खातरजमा करण्यासाठी जातात आणि परतताना तीच वार्ता इतरांना सांगतात. नाताळगीतांपैकी पुष्कळशी याच प्रसंगावर उभी आहेत. म्हणजे त्यांचा विषय जन्म असला तरी त्यांचा प्रसंग वार्ताकथनाचा आहे. रोमन उपासनेत नाताळच्या दिवशीचे एक प्रसिद्ध प्रतिवाक्य ‘आज’ या अर्थाच्या लॅटिन शब्दानेच सुरू होते. शतकानुशतके पुन्हा पुन्हा गायिली जाणारी ही वार्ता दर वेळी ‘आज’चीच असते.

वर्तमानपत्राच्या ‘आज’चे स्वरूप याहून वेगळे आहे. बेनेडिक्ट अँडरसन यांनी ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ (१९८३) या ग्रंथात हेगेलच्या एका निरीक्षणाचा आधार घेऊन म्हटले आहे की, आधुनिक माणसाच्या जीवनात वर्तमानपत्राने सकाळच्या प्रार्थनेची जागा घेतली. एकाच दिवशी, एकमेकांना न पाहता, असंख्य माणसे हा विधी पार पाडतात, आणि दुसऱ्या दिवशी ते पत्र रद्दीत जाते. उपासनेतला ‘आज’ परत येतो, वर्तमानपत्रातला ‘आज’ परत येत नाही. अँडरसन यांनी त्याच ग्रंथात समूहगायनाकडेही लक्ष वेधले आहे. राष्ट्रगीत गाताना परस्परांना अनोळखी असलेली माणसे एका क्षणी एकच शब्द उच्चारतात आणि त्या उच्चारातून त्यांना समूहाचा अनुभव येतो. मात्र वृत्तवाचनाचे मौन आणि गायनाचा एकस्वर या दोन गोष्टींची त्यांनी स्वतंत्रपणेच चर्चा केली. विनोदी नाताळगीत हे या दोहोंना एकत्र आणणारे रूप आहे.

हे एकत्र येणे विसाव्या शतकातले नव्हे. लंडनमधील सेव्हन डायल्स या वस्तीत जेम्स कॅटनॅच आणि त्याच्यासारखे मुद्रक एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकपानी कागद छापून ते फेरीवाल्यांकरवी रस्त्यावर विकत. खून, फाशी, आगी, राजघराण्यातील भानगडी यांवरची पद्ये वर्षभर आणि नाताळगीते हंगामात, असा हा व्यापार होता. कागद तोच, खिळे तेच, विकणारा गळाही तोच. लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली चित्रेही गरजेप्रमाणे एका विषयाकडून दुसऱ्याकडे फिरत. साहित्याच्या इतिहासात ‘धार्मिक लोकगीत’ आणि ‘वृत्तगीत’ यांची दप्तरे वेगळी ठेवली जातात. परंतु ज्याने ती पदरचा पैसा मोजून विकत घेतली त्याच्या हातात ती एकाच गठ्ठ्यातून आली होती.

याच काळातल्या एका खटल्याने पवित्र संहितेच्या विडंबनाचा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला. विल्यम होन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने इंग्लंडच्या धर्मपीठातील प्रश्नोत्तरी, याचनामाला आणि मतांगीकार यांच्या साच्यांत तत्कालीन मंत्रिमंडळाची आणि काम न करता पगार खाणाऱ्या पदधारकांची टर उडविणारी तीन पत्रके १८१७ साली प्रसिद्ध केली. त्यांबद्दल त्याच्यावर तीन स्वतंत्र खटले भरण्यात आले आणि ते १८, १९ व २० डिसेंबर १८१७ असे लागोपाठ तीन दिवस, म्हणजे नाताळच्या ऐन तोंडावर, गिल्डहॉलमध्ये चालले. होनजवळ वकील नव्हता. आपल्या बचावासाठी त्याने पुस्तकांचा ढीगच न्यायालयात नेला आणि धार्मिक संहितांची जुनी विडंबने एकामागून एक वाचून दाखविली. त्यांत सरकारपक्षाच्या प्रतिष्ठित गृहस्थांनी केलेली विडंबनेही होती, ज्यांवर कोणी कधी खटला भरला नव्हता. न्यायालयात हशा पिकत होता आणि तो आवरणे न्यायाधीशांना जड जात होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सरन्यायाधीश लॉर्ड एलनबरो स्वतः आसनावर बसले, तरी तिन्ही दिवशी ज्यूरीने होनला निर्दोष ठरविले.

या खटल्याची चर्चा सामान्यतः मुद्रणस्वातंत्र्याच्या इतिहासात होते, आणि ते योग्यच आहे. तथापि साहित्यविचाराच्या दृष्टीने होनचा युक्तिवाद अधिक मोलाचा आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, विडंबने दोन जातीची असतात. एक जात ज्या संहितेचे रूप घेते तिलाच हास्यास्पद करते, तर दुसरी ते रूप केवळ वाहन म्हणून वापरते आणि हसते ते भलत्यालाच. आपली पत्रके दुसऱ्या जातीची आहेत आणि प्रार्थनेचा उपमर्द करण्याचा आपला हेतू नाही, असे त्याने निक्षून सांगितले. लिंडा हचन यांच्या ‘अ थिअरी ऑफ पॅरडी’ (१९८५) या ग्रंथाने ज्या भेदाला सैद्धांतिक बैठक दिली, त्याच्या अगदी जवळ जाणारा भेद एका गरीब पुस्तकविक्रेत्याने आरोपीच्या पिंजऱ्यातून केला होता. आणि बचावासाठी केलेल्या त्या वाचनाने त्याचा पिच्छा पुढेही सोडला नाही. ‘एन्शन्ट मिस्टरीज डिस्क्राइब्ड’ (१८२३) या त्याच्या ग्रंथात मध्ययुगीन धर्मनाट्याबरोबर नाताळगीतांवरही एक प्रकरण आहे, आणि त्यात त्या काळी दरवर्षी छापल्या जाणाऱ्या गीतांची यादी आहे. ज्याच्यावर पवित्र संहिता भ्रष्ट केल्याचा आरोप झाला त्यानेच लोप पावत चाललेल्या पवित्र गीतांची नोंद जपून ठेवली. यात विसंगती मानण्याचे कारण नाही. एखाद्या संहितेचे रूप वापरायचे तर ते आधी अवगत असावे लागते.

तरीही होनचा ‘वाहन’ हा शब्दप्रयोग पुरेसा नाही. वाहन कोणतेही चालते, इथे मात्र कोणतेही चालत नाही. हे स्पष्ट करण्यास १९३६ च्या डिसेंबरातील इंग्लंडमधील एका गीताइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. राजा आठवा एडवर्ड आणि वॉलिस सिम्प्सन यांच्या संबंधांविषयी अमेरिकेतील आणि युरोपातील पत्रे कित्येक महिने लिहीत होती, परंतु ब्रिटिश वर्तमानपत्रांनी स्वतःहून मौन पत्करले होते. बाहेरून येणाऱ्या काही नियतकालिकांतील या प्रकरणाची पाने विक्रीपूर्वी कापून काढली जात. ऑक्टोबरच्या अखेरीस सिम्प्सनबाईंचा घटस्फोटाचा दावा इप्सविच येथे निकालात निघाला, तेव्हाही पत्रांनी त्याचा गाजावाजा केला नाही. १ डिसेंबरला ब्रॅडफर्डच्या बिशपांचे एक भाषण झाले आणि त्याच्या निमित्ताने ३ डिसेंबरला धरण फुटले. १० डिसेंबरला राजाने पदत्यागाच्या पत्रावर सही केली आणि ११ तारखेच्या रात्री आकाशवाणीवरून प्रजेचा निरोप घेतला.

आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने ‘द लोअर अँड लँग्वेज ऑफ स्कूलचिल्ड्रेन’ (१९५९) या ग्रंथात नोंदविले आहे की, त्याच डिसेंबरात, सत्र संपून शाळा सुटण्याच्या आत, देशभरातील शाळकरी मुले चार्ल्स वेस्लीच्या प्रसिद्ध नाताळस्तोत्राच्या पहिल्या दोन ओळींचे एक विडंबन गात होती. दूतांच्या घोषणेचा आरंभ जसाच्या तसा ठेवून पुढच्या ओळीत राजा आणि सिम्प्सनबाई यांचे प्रकरण घातलेले, एवढीच त्याची करामत. स्वान्सीतील एका शाळेच्या नाताळ समारंभात ही चाल वाजताच मुलांनी विडंबन सुरू केले आणि बाईंना त्यांना आवरावे लागले. गीताचा कर्ता अज्ञात आहे. ते कोठल्याही पत्रात छापून आले नव्हते, आकाशवाणीने प्रसारित केले नव्हते. तरी जेमतेम तीन आठवड्यांत ते दूरदूरच्या गावांत पोचले होते. मौखिक परंपरेच्या वेगाचा पुरावा म्हणून ओपी दांपत्याला ही नोंद महत्त्वाची वाटली. तिचा आणखीही एक अर्थ आहे. मोठ्यांच्या वर्तमानपत्रांनी दडपून ठेवलेली बातमी फुटताक्षणी मुलांनी ती जेथे बसविली ती जागा वार्ताहराची होती. स्तोत्रातला देवदूत बातमी सांगण्यासाठीच उभा असतो. मुलांनी त्याला हलविले नाही, त्याच्या हातातला मजकूर तेवढा बदलला. दुसऱ्या कोणत्याही स्तोत्राच्या चालीवर हे गीत रचता आले असते, पण ते असे चपखल बसले नसते. क्षमायाचनेच्या स्तोत्रात बातमीला जागाच नसते.

आणि ज्या स्तोत्राची ‘मोडतोड’ झाली त्याचा इतिहास पाहिला तर मोडतोड हा शब्द वापरतानाही हात आखडतो. वेस्लीने १७३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूळ रूपात पहिल्या ओळीत दूतांचा उल्लेखच नव्हता, आकाश दुमदुमल्याची जुन्या वळणाची शब्दयोजना होती. घोषणा करणारे देवदूत तेथे आणले ते जॉर्ज व्हाइटफील्डने, १७५३ च्या आपल्या संग्रहात. म्हणजे या स्तोत्रातला ‘वार्ताहर’ हा मुळात संपादकाने घातलेला आहे. आपल्या आणि आपल्या भावाच्या स्तोत्रांत लोकांनी सुधारणा करू नयेत, अशी विनंती जॉन वेस्लीने १७८० च्या स्तोत्रसंग्रहाच्या प्रस्तावनेत कळकळीने केली होती. ती कोणी ऐकली नाही. आज गायिली जाणारी चाल तर याहून उशिराची. फेलिक्स मेंडेल्सनने १८४० मध्ये लाइपझिग येथे मुद्रणकलेच्या चारशेव्या वर्धापनाच्या उत्सवासाठी, गुटेनबर्गच्या गौरवार्थ, एक समूहगान रचले होते. त्यातल्या एका भागाला इंग्रजी शब्द बसवावेत, मात्र धार्मिक शब्द त्याला शोभणार नाहीत, असे त्याचे स्वतःचे मत होते. १८५५ मध्ये, मेंडेल्सनच्या मृत्यूनंतर, विल्यम कमिंग्ज या तरुण वादकाने नेमके तेच केले आणि ती चाल वेस्लीच्या स्तोत्राला जोडली. तेव्हा १९३६ ची मुले छापखान्याच्या गौरवगीताच्या चालीवर, संपादकाने घातलेल्या दूताच्या तोंडून, छापखान्याने दडवलेली बातमी गात होती. इतकी जुळणी कोणी ठरवून केली असती तर ती कृत्रिम वाटली असती.

आणखी एक तपशील येथे सोडून देता येत नाही. इंग्लंडच्या राजाने नाताळच्या दुपारी आकाशवाणीवरून प्रजेशी बोलण्याची प्रथा पाचव्या जॉर्जने १९३२ मध्ये सुरू केली होती. तो जानेवारी १९३६ मध्ये वारला. पदत्यागाच्या गोंधळामुळे १९३६ च्या नाताळला राजाचे भाषण झालेच नाही. घराघरांतील रेडिओवर राजाचा आवाज त्या दिवशी उमटला नाही. राजाविषयीचा जो आवाज ऐकू आला तो मुलांचा.

यावरून विडंबनाच्या व्याख्येत एक दुरुस्ती सुचते. मराठीत ‘वृत्त’ या शब्दाला छंद आणि बातमी असे दोन्ही अर्थ आहेत. नाताळगीताच्या विडंबनात पहिले वृत्त कायम राहते आणि दुसरे बदलते. हचन यांच्या मते विडंबनाचे लक्ष्य नेहमी दुसरी एखादी संहिता असते आणि उपहासाचे लक्ष्य संहितेबाहेरचे, सामाजिक असते. दोहोंचा संकर होऊ शकतो, इतके त्या मान्य करतात. प्रस्तुत गीत या विभागणीत कोठे ठेवावे? वेस्लीचे स्तोत्र त्याचे लक्ष्य नाही. सिम्प्सनबाईंवरही त्याचा रोख फारसा नाही, कारण मुलांना त्या बाईंविषयी ना राग होता ना माहिती. गीताला आनंद आहे तो सांगण्याचा. मोठ्यांनी महिनोन्‌महिने न उच्चारलेली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे आणि ती सर्वांनी एकदम, मोठ्याने, पवित्र चालीत म्हणता येते, याचा तो आनंद आहे. ‘लक्ष्य’ ही कल्पनाच येथे अपुरी पडते. तिच्याऐवजी ‘स्थान’ ही कल्पना वापरणे अधिक सोयीचे. मूळ संहितेत विशिष्ट प्रकारच्या उच्चाराला एक स्थान असते, आणि विडंबन त्या स्थानी दुसरा उच्चार आणून बसविते. बसविताना मूळ उच्चाराचे अधिकारवलय त्याला आयते मिळते आणि हास्य त्या बेमेळातून जन्मते.

मिखाइल बाख्तीन यांनी मध्ययुगीन विडंबनाची जी मीमांसा केली आहे ती या ठिकाणी उपयुक्त ठरते. ईस्टरच्या हास्याबरोबर ‘नाताळचे हास्य’ही चर्चने परवानगीने चालू दिले होते, आणि ईस्टरचे हास्य जसे कथांतून, तसे नाताळचे हास्य मुख्यतः आनंदी गीतांतून व्यक्त होई, असे ते सांगतात, पवित्र शब्द रस्त्यावरच्या चालींवर गायिले जात. बाख्तीनचे हास्य उभयमुखी आहे. ते एकाच वेळी खाली खेचते आणि नवजन्म देते, ही गोष्ट १९३६ च्या गीताला लागू पडते. परंतु बाख्तीन यांच्या मीमांसेतील काळ हा ऋतुचक्राचा, सणाचा काळ आहे. त्यांच्या जत्रेत तारीख नसते. वर्तमानपत्राच्या काळातील विडंबनाला तारीख चिकटलेली असते, आणि ती बाख्तीनवाद्यांना बहुधा दिसत नाही. गोव्याच्या ख्रिस्ती समाजाच्या तियात्रात दोन अंकांच्या मध्ये गायिली जाणारी ‘कांतारां’ पाहिली तर हा तारखेचा मुद्दा जवळून तपासता येईल. पहिला तियात्र मुंबईत १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी झाला. सणाशी जोडलेल्या या नाट्यप्रकारात मंत्री, महागाई, घोटाळे यांवर त्या त्या वेळी रचलेली कोंकणी गीते कथेशी कसलाही संबंध न ठेवता येतात, आणि प्रेक्षक कथेइतकीच त्यांचीही वाट पाहतात.

मात्र विनोदी नाताळगीत म्हणजे आपोआपच टीकात्म, मुक्तिदायक कृती, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. उलट दिशेचा एक दाखला फार बोलका आहे. जॉर्ज सिम्स या पत्रकाराने १८७७ मध्ये ‘द रेफरी’ या साप्ताहिकात गरीबगृहातील (वर्कहाउसमधील) नाताळवर एक कथाकाव्य प्रसिद्ध केले. सणाच्या मेजवानीला जमलेल्या विश्वस्तांसमोर एक म्हातारा उठतो आणि आदल्या वर्षी याच दिवशी तुमच्या नियमांमुळे माझी बायको उपाशी मेली असे त्यांना ऐकवतो, असा त्याचा विषय आहे. कविता भावविवश आहे हे खरे, पण तिच्या तळाशी गरिबांच्या कायद्याची ठोस वस्तुस्थिती होती आणि ती वर्तमानपत्राच्या पानावर, बातम्यांच्या शेजारी छापली गेली होती. ती इतकी लोकप्रिय झाली की तिची अगणित विडंबने निघाली, आणि पहिल्या महायुद्धातील सैनिकांत तर अश्लील विडंबनेच अधिक प्रचलित होती. सैनिकांच्या हसण्याला त्यांची स्वतंत्र कारणे होती, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु गरीबगृहात भूक होती ही बातमी त्या हसण्यात बुडाली. सिम्सची कविता आज इंग्रज वाचकाला आठवते ती विनोदाचा विषय म्हणून. एका दिशेने विडंबन बातमीला स्तोत्रात आणते, दुसऱ्या दिशेने ते बातमीलाच थट्टेत विरघळवून टाकते. या दोन क्रियांना एकच नाव देऊन चालणार नाही.

तिसरी शक्यता अलीकडची आहे. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी ब्रिटनमध्ये तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना शिवी देणारे एका पंक गटाचे गाणे नाताळच्या आठवड्यातील खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. महासाथीच्या काळातील संताप त्यामागे होता आणि तो समजण्यासारखा आहे. पण या गाण्यात नाताळचे काही नव्हते. त्याने फक्त आठवडा वापरला, गीत वापरले नाही. संतापाला मिळालेला हा आकडा होता. दूताच्या जागी उभे राहून कोणी काही सांगत होते असे नाही. त्याच्या शेजारी अमेरिकेतील दोन जुन्या रचना ठेवल्या तर फरक लक्षात येतो. स्टॅन फ्रीबर्गने १९५८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या नाटुकल्यात डिकन्सचा स्क्रूज जाहिरातसंस्थेचा प्रमुख झाला आहे आणि सणाशी आपापला माल जोडण्यासाठी सारे धंदेवाले त्याच्या टेबलाभोवती बसले आहेत. शेवटी घंटानादात गल्ल्याचा खणखणाट मिसळतो. जाहिरातींवर जगणाऱ्या काही केंद्रांनी हे ध्वनिमुद्रण वाजविण्यास खळखळ केली, हे त्याला मिळालेले प्रशस्तिपत्रच म्हणावे लागेल. पुढच्याच वर्षी टॉम लेहरर या गणिताच्या अध्यापकाने परिचित नाताळगीतांचे तुकडे आपल्या गाण्यात गुंफून देवदूतांच्या तोंडी खरेदीची हाक घातली. दोन्ही रचनांची थट्टा तिखट आहे, आणि त्या अजून शिळ्या झालेल्या नाहीत. पण त्यामागचे कारण त्यांच्या गुणवत्तेत कमी आणि विषयात अधिक आहे. बाजारपेठ ही दरवर्षी परतणारी बातमी आहे, त्यामुळे तिच्यावरच्या गीतालाही स्तोत्रासारखेच परतता येते. सिम्प्सनबाईंच्या गीताला मात्र आज तळटीप लागते. टीकाकार हा त्याचा दोष मानतील. पण शिळे होण्याची तयारी हीच या रूपाची अट आहे. जे गीत पुढच्या वर्षीही तसेच चालेल त्याने या वर्षाची बातमी अर्धीच सांगितलेली असते. लेहररने स्वतः पुढे १९६४-६५ मध्ये आठवड्याच्या घडामोडींवरील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी गाणी लिहिली, तेव्हा त्याने हीच अट पत्करली होती.

या साऱ्याच्या एका टोकाला पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल यांची १९६६ मधील एक रचना येते. ती विनोदी नाही, पण तिच्याशी तुलना केल्याखेरीज विनोदी गीताचे बलस्थान समजत नाही. १८१८ मध्ये ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या गावी प्रथम गायिलेले शांत रात्रीचे ते जगप्रसिद्ध गीत दोघे हळुवारपणे गात असतात, आणि त्याच्या पाठीमागून सायंकाळचे बातमीपत्र ऐकू येऊ लागते. निवेदकाचा आवाज हळूहळू वाढत जातो. नागरी हक्कांच्या विधेयकावरील वाद, मार्टिन ल्यूथर किंग यांचा नियोजित मोर्चा, शिकागोतील परिचारिकांच्या हत्याकांडातील आरोपी, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांची चौकशी, अशा त्या वर्षीच्या ऑगस्टमधील बातम्या. गीताचा एक शब्द बदललेला नाही, बातमीचा एक शब्द चाललेला नाही. दोन संहिता फक्त एकमेकींवर ठेवल्या आहेत.

या रचनेचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि प्रथमश्रवणी तिचा परिणाम नाकारता येत नाही. परंतु तिच्यातील उपरोध श्रोत्याला फार सोयीची जागा देतो. गीत निर्मळ राहते, बातमी कठोर राहते आणि श्रोता दोहोंच्या बाहेर उभा राहून हळहळतो. गाणाऱ्यांच्या कानावर बातमी जणू पडतच नाही. स्वान्सीच्या मुलांना ही सोय नव्हती. बातमी त्यांच्याच तोंडात होती, आणि तोंडात आल्यावर ती हसूनच म्हणता येत होती. सहशब्दांत गाणे आणि शेजारून ऐकणे यांतला हा फरक आहे. गंभीर उपरोधाला जे अंतर राखावे लागते ते विनोदी विडंबनाला राखताच येत नाही, आणि म्हणून सैद्धांतिक प्रतिष्ठा नेहमी पहिल्याच्या वाट्याला येते.

एवढे मात्र त्या रचनेच्या बाजूने नोंदवायला हवे की तिच्या बातमीपत्रात हास्याचा प्रश्न अगदीच गैरहजर नाही. किंग यांच्या मोर्चाच्या बातमीआधी निवेदक लेनी ब्रूस या विनोदकाराच्या मृत्यूची बातमी त्याच निर्विकार स्वरात वाचतो. धर्म, वर्ण आणि लैंगिकता यांवरच्या रंगमंचीय विनोदांसाठी ब्रूसवर अश्लीलतेचे खटले झाले होते, आणि न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९६४ मध्ये त्याला दोषी ठरविले होते. ३ ऑगस्ट १९६६ रोजी तो वारला तेव्हा ती शिक्षा त्याच्या नावावर तशीच होती. होनला ज्यूरीने तीन दिवसांत तीनदा सोडले होते. ब्रूसला न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी मरणोत्तर माफी दिली ती २३ डिसेंबर २००३ रोजी.